चुना, कूलर, सोलर आणि एक सिलिंडर

नागपुरात विजेच्या बिलाबद्दल बोलायचं तर आधी उन्हाबद्दल बोलावं लागतं, त्याला इलाज नाही. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर सांगतात, आम्ही तर बाई गॅस काढूनच टाकला, सगळं इलेक्ट्रिक, किंवा दुसरे सांगतात की सोलर वगैरे सगळं थोतांड आहे, पैसे घालू नका, आणि मी दोघांनाही हो हो म्हणते कारण त्यांच्याकडे मे महिना म्हणजे आंब्याचा महिना असतो, आमच्याकडे तो भिंती तापण्याचा महिना असतो. मे 2013 मध्ये इथे पारा 47.9 वर गेला होता. आणि हेच शहर डिसेंबर 2018 च्या शेवटी 3.5 डिग्रीवर आलं होतं, आम्ही घरात मोजे घालून बसलो होतो. एकाच घराने हे दोन्ही झेलायचं म्हटल्यावर "घरासाठी कोणती एनर्जी बेस्ट" या प्रश्नाला वर्षभराचं एकच उत्तर कसं असणार? मला तर आता असंच वाटतं की हा प्रश्न वस्तूचा नाहीच, महिन्याचा आहे. आणि त्याहून जास्त स्लॅबचा, म्हणजे बिलातल्या दराच्या टप्प्यांचा.

स्लॅबचं आधी सांगते, कारण तिथे लोकांचा जाम घोळ आहे. आमच्या गल्लीतले एक काकाजी महिन्याच्या पंचविसाव्या तारखेनंतर मीटरजवळ उभे राहून घरच्यांवर ओरडतात, "शंभरच्या वर गेलं तं पूरं बिल डबल लागते बे, पंखा बंद करा!" तसं होत नाही. पहिले 100 युनिट स्वस्त दरानेच लागतात, मग तुम्ही 101 वापरा नाहीतर 290. महाग होतात ती फक्त शंभरच्या पुढची. पण ती होतात चांगलीच महाग, 101 ते 300 च्या टप्प्यातला वीज आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्याही पुढे जातो, त्यावर वीज घरापर्यंत आणण्याचा वहन आकार, मग इंधनाच्या भावाप्रमाणे बदलणारं इंधन समायोजन, आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला 16 टक्के वीज शुल्क. थोडक्यात पहिल्या टप्प्यातलं युनिट सहा-सात रुपयांत पडतं आणि दुसऱ्यातलं बारा-तेरापर्यंत जातं. म्हणजे "वीज कितीला पडते" हे विचारून उपयोग नाही. नवीन वस्तू घरात आणली की तिची युनिटं कुठल्या टप्प्यात जाऊन पडणार, ते बघायचं. आपले पंखे-फ्रिज-टीव्ही-मोटर यांनी पहिले शंभर आधीच खाल्लेले असतात, त्यामुळे नवीन आलेली प्रत्येक गोष्ट महाग विजेवरच चालते.

आता हे इंडक्शनला लावून बघा. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस, त्यात उष्णता साधारण 180 युनिटांएवढी. पण शेगडीची ज्योत भांड्याच्या बाजूने निघून जाते, चांगल्या शेगडीवरसुद्धा साठ-पासष्ट टक्केच भांड्याला लागतं, बाकी स्वयंपाकघर तापवायला. इंडक्शनवर 85 टक्क्यांच्या आसपास लागतं. तर एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शन सव्वाशे ते दीडशे युनिट घेणार. सिलिंडर आमच्याकडे नऊशेच्या आसपास पडतो. हीच युनिटं पहिल्या टप्प्यात पडली तर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, आणि दुसऱ्या टप्प्यात पडली तर सोळाशेच्या वर जातो. म्हणजे माझ्या धाकट्या दिराला, जो एकटा राहतो, दिवसभर ऑफिसात असतो आणि सत्तर युनिटात महिना काढतो, त्याला इंडक्शन परवडतं, मला, भरल्या घरात, परवडत नाही. दोघंही बरोबर. व्हॉट्सॲपवर "इंडक्शन की गॅस" म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यात हे कुणी सांगत नाही, बहुतेक लाइक मिळत नसतील.

गॅस परवडतो म्हणून तो चांगलाच आहे असंही नाही. देशात वापरला जाणारा साठ टक्क्यांच्या आसपास एलपीजी बाहेरून येतो, तिकडे आखातात काही खुट्ट झालं की इथे पोटात गोळा येतो. आमच्या भागात पाइपचा गॅस आलेला नाही, त्यामुळे तो पर्याय मी धरतच नाही. पण गॅस पूर्ण सोडावा असं मला वाटत नाही आणि सासूबाईंना तर अजिबात नाही. पोळी तव्यावर होते हो, इंडक्शनच्या तव्यावरही होते, पण मध्ये गोल डाग पडतो आणि कडा कच्च्या राहतात, कारण खालची कॉइल मधोमध, आणि फुलका ज्योतीवर टाकून टम्म फुगवायचा म्हटलं तर ज्योतच नाही. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तवा उचलून हवेत धरला तर इंडक्शन पीप पीप करत बंदच पडलं. त्या म्हणाल्या, "हे तं रुसते माय." वरण, भात, दूध, चहा, बटाटे उकडणं, साबुदाण्याची खिचडी यात काही अडत नाही. भाजी परतायला जड बुडाची कढई लागते, पण जमते. पोळ्या मात्र गॅसवर. आणि हिवाळ्यात वांग्याचं भरीत असेल तर गॅसवरही नाही, त्याला तुराट्याच, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्याच, पाहिजेत. गावाकडून तुराट्यांची, कपाशीच्या पऱ्हाट्यांची एक मोळी दिवाळीनंतर येते आणि मागच्या अंगणात चार विटा मांडून भरीत, पानगे, एखाद्या वेळी उलट्या मडक्यावरची लांब रोटी. धूर होतो, डोळे चुरचुरतात, रोजच्या स्वयंपाकाला ते नकोच, ज्या बायकांनी जन्मभर त्या धुरात काढलं त्यांच्यापुढे चुलीचं कौतुक करू नये. पण महिन्यातून एखादवेळ उघड्यावर शेतातल्याच काड्या, त्याला कोण नाही म्हणेल. मी माझ्या "एनर्जी मिक्स" मध्ये तुराटी धरते, हसायचं असेल तर हसा.

खरा पैसा मात्र स्वयंपाकात जातच नाही. नागपूरच्या घरात तो थंडाव्यात जातो.

होळी झाली की गच्चीवरून, जिन्याखालून कूलर निघतात, पत्र्याचे, गंजलेले, मागच्या वर्षीच्या खाराने पांढरे पडलेले. ताट्या बदलायच्या, लाकडाच्या भुशाच्या की वाळ्याच्या की ते मधाच्या पोळ्यासारखे पॅड, यावर घरात चर्चा. बाहेरच्या लोकांना कूलर म्हणजे गरिबाचा एसी वाटतो. तो एसी नाहीच, ते वेगळंच यंत्र आहे. एप्रिल-मेत आमच्याकडची हवा कोरडी ठाक असते, आर्द्रता पंधरा-वीस टक्के, अशी 44 डिग्रीची हवा ओल्या ताटीतून ओढली की पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि आत हवा 28-29 वर येते. एवढ्यासाठी मोटर आणि पंप मिळून दोनशे वॉटच्या आसपास. दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात पाच-सहापट वीज घेतो. पण जून उजाडला, आर्द्रता वाढली की हेच यंत्र एकदम निकामी, कारण ओल्या हवेत पाणी उडतच नाही, नुसती चिकचिक, गादी ओलसर, पापड मऊ. मग पाऊस बसेपर्यंतचे जे काही आठवडे असतात, तेवढ्यासाठी आमच्याकडे एक एसी आहे, एकाच खोलीत, 26 वर, वरून पंखा. सगळे त्याच खोलीत आडवे. मुलगी म्हणते प्रायव्हसी नाही, मी म्हणते जुलैत घे.

कूलरला पाणी लागतं हे विसरू नये, मोठा कूलर दिवसाला शंभर लिटर सहज पितो आणि तेव्हाच शहरात पाण्याची बोंब असते. स्वस्त वीज म्हणून कूलर चांगला म्हणायचं आणि पेंच-कन्हानचं पाणी त्यात ओतायचं, हा हिशेब कुठल्याच बिलात दिसत नाही. आम्ही आरओचं वाया जाणारं पाणी टाकतो, पण त्यात क्षार जास्त, ताट्या लवकर दगड होतात. आणि सीझन संपला की टाकी कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूच्या डासांची तिथेच शाळा भरते, महापालिकेचे लोक टॉर्च घेऊन कूलरच तपासतात दरवर्षी, ते उगाच नाही.

या सगळ्याच्या आधी चुना. मार्च संपायच्या आत गच्चीला पांढरा चुना, त्यात थोडा फेव्हिकॉल कालवून, दोन हात. यात सोलर नाही, स्टार रेटिंग नाही, सबसिडी नाही, म्हणून कुणी बोलत नाही. पण आमच्या वरच्या खोलीत रात्री दहा वाजता छताला हात लावला तर चुना मारल्याच्या आधीचा आणि नंतरचा फरक हाताला कळतो, थर्मामीटर लागत नाही. दुसरी तशीच मुकी गोष्ट म्हणजे पंखे. जुना पंखा 75 वॉट खातो, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तेवढ्याच वाऱ्याला तीस-पस्तीस. नागपुरात पंखा होळीपासून दिवाळीपर्यंत दिवसरात्र फिरतो, आणि वाचलेलं प्रत्येक युनिट हे वरच्या, महाग टप्प्यातूनच वाचतं, वर सांगितलेलं गणित इथे आपल्या बाजूने उलटं फिरतं. कुणी मला विचारलं सोलर लावू का, तर मी आधी विचारते पंखे कोणते आहेत. लोकांना राग येतो.

आता सोलर. हो, लावलंय. आमचा जिल्हा राज्यात छतावरच्या सोलरमध्ये पुढे आहे, गल्लीत वर बघितलं तर निळ्या-काळ्या पाट्यांची रांगच दिसते. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30 हजार सबसिडी आणि तीन किंवा जास्त असेल तर एकूण 78 हजार. म्हणजे तिसऱ्या किलोवॉटला 18 हजारच मिळतात आणि चौथ्याला शून्य. कोटेशन घेऊन येणारी पोरं मात्र सरसकट पाचचंच सांगतात, "ताई, फ्युचरचा विचार करा." मी वर्षभराची बिलं टेबलावर मांडली, बेरीज केली, बाराने भागलं. एक किलोवॉट आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं धरतात, तीनाचे बारा, महिन्याचे साडेतीनशेच्या आसपास. आमचं सरासरी त्याच्या आतच होतं. तीनच लावलं.

भांडण झालं ते गच्चीवरून. तीन किलोवॉटला तीनशेक चौरस फूट लागतात, आणि सासूबाईंच्या मते ती तीनशे फूट म्हणजे उन्हाळ्याचं वाळवण. कुरड्या, सांडगे, ज्वारीचे पापड, मिरच्या. लावणारा म्हणाला गुडघ्याएवढ्या स्ट्रक्चरवर बसवू, स्वस्तात होईल. सासूबाई खुर्ची घेऊन गच्चीवर जाऊन बसल्या. शेवटी आठ फूट उंच सांगाडा करून घेतला, त्याचे वरचे पैसे लागले, जीआय पाइप, वाऱ्या-वादळाला जास्त घट्ट बोल्ट. झालं काय की पॅनेलखाली सावली पडली, खालच्या खोलीचं छत तापायचं कमी झालं, आणि कडेच्या उरलेल्या उन्हात वाळवण मावतं. संध्याकाळी तिथेच खाटा. वानरांनी एकदा वरून फेरी मारली, काच मजबूत असते, काही झालं नाही, केबल मात्र पाइपात घालून घ्या.

सगळ्यांना वाटतं नागपूरचं ऊन म्हणजे मे महिन्यात छप्पर फाडके वीज. पॅनेलला ऊन आवडतं, उष्णता नाही. 25 डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं, आणि मेच्या दुपारी पॅनेलचं अंग 65 च्या पुढे जातं, म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेले. वरून धूळ. मार्च-एप्रिलमध्ये स्वच्छ पुसलेलं पॅनेल मेपेक्षा वाईट देत नाही. पुसायचं ते पहाटे, तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका. आणि लाइट गेली की सोलरही बंद, हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. सोलरचा साधा ग्रिडवाला, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर लाइट गेल्यावर मुद्दाम थांबतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरून करंट जाईल.

पण मला सगळ्यात मजेशीर वाटलं ते नेट मीटरचं वर्ष. हे मीटर आपण घेतलेली आणि पॅनेलने बाहेर दिलेली, दोन्ही युनिटं मोजतं, जास्तीची युनिटं जमा होतात, पुढच्या महिन्यात वळती होतात, सगळं ठीक, पण 31 मार्चला हिशेब बंद. उरलेल्याचे पैसे अगदी कमी दराने. आता नागपूरचं बघा, दिवाळीपासून होळीपर्यंत पंखे बंद, कूलर बंद, आकाश निरभ्र, पॅनेल थंड, युनिटंच युनिटं साठतात, आणि 1 एप्रिलला पाटी कोरी होते, नेमका त्याच दिवशी आमचा कूलर फुल स्पीडवर. कुणी बसून विदर्भाच्या विरोधात कॅलेंडर आखलं असतं तर असंच आखलं असतं.

मग आमच्याकडे ऋतूप्रमाणे शेगडी बदलते. दिवाळीनंतर इंडक्शन ओट्याच्या मध्यावर येतं, अंघोळीला गिझर बिनधास्त (एक बादली म्हणजे अर्ध्या युनिटाच्या आसपास, घरभराच्या अंघोळी मिळून रोजची तीनेक युनिट), कारण ती युनिटं नाहीतर मातीमोल जाणार. यामुळेच वेगळा सोलर वॉटर हीटर मी घेतला नाही, इथे गरम पाण्याची खरी गरज अडीच-तीन महिने, मेमध्ये तर काळ्या टाकीतलं पाणी दुपारी नळातून चटका देतं. एप्रिल लागला की हिशेबाने गॅसवर परत यायला पाहिजे, युनिटं कूलर-एसीसाठी राखायची. कागदावर छान आहे. पण 45 डिग्रीत गॅससमोर उभं राहायचं कोणी? ज्या सासूबाई इंडक्शनला रुसकं म्हणत होत्या त्याच मेमध्ये म्हणतात, "दूध त्याच्यावरच ठेव, घाम तरी येत नाही." मग तडजोड अशी की पोळ्या सकाळी सहाला गॅसवर, ऊन चढायच्या आत, बाकी सगळं इंडक्शनवर आणि शक्यतो दिवसा, पॅनेल चालू असताना. मोटर, वॉशिंग मशीनही दिवसा. वेळेप्रमाणे युनिट मोजणाऱ्या नव्या मीटरवाल्यांना तर सोलर नसलं तरी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या युनिटवर सवलत आहे, 80 पैशांपासून. त्यात कुणी श्रीमंत होणार नाही, पण इस्त्री रात्री दहाला करण्यापेक्षा दुपारी केलेली बरी.

बॅटरी घ्यावी का म्हणून नवरा मागे लागलाय. लोडशेडिंगच्या जमान्यातला इन्व्हर्टर आहे तो दोन पंखे आणि राउटर ओढतो, तेवढं पुरे. रात्रीची वीज साठवायला लाखभर घालायचे आणि काही वर्षांनी बॅटरी परत बदलायची, सध्याच्या भावात मला ते पटत नाही.

कधीकधी वाटतं एवढी आकडेमोड कशाला, बिल भरावं आणि मोकळं व्हावं. पण आपण नागपूरकर आहोत, आपल्याला विजेचं दुसरं टोक दिसतं. सावनेर रोडने गेलं की कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या, जगदंबेच्या दर्शनाला गेलं तरी त्याच चिमण्या, पुढे खापरखेड्याचं केंद्र. दगडी कोळशावर केलेल्या विजेच्या एका युनिटमागे साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, म्हणजे एका युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख. महिन्याला दोनशे युनिटांचं घर म्हणजे पन्नास किलोच्या आसपास, एक सिमेंटची गोणी. ती कुठे जाते? जुलै 2022 च्या पावसात कोराडीची राख साठवणारा खसाळ्याचा बंधारा फुटला, तेव्हा ती नाल्यात, शेतात गेली होती, करड्या चिखलाचे फोटो पेपरात आले होते. कोराडीला थंडाव्यासाठी शहराचं सांडपाणी शुद्ध करून दिलं जातं ही त्यातली त्यात बरी गोष्ट. सुरादेवी-खसाळ्याकडे राहणाऱ्या आमच्या एका आतेबहिणीकडे कपडे वाळत घालायचे तर आधी वारा कुठून आहे ते बघतात. तिचं बिल आपल्यासारखंच येतं, कमी नाही.

बहीण माझी मनीषनगरला फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. तिला गच्ची नाही, अंगण नाही, तुराट्या तर नाहीतच. तिने मागच्या आठवड्यात फोन करून विचारलं, मी काय करू? मी म्हटलं पंखे बदल, पश्चिमेच्या खिडकीला हिरवी जाळी लाव, इंडक्शनचं तुझी युनिटं कुठल्या टप्प्यात जातात ते बघून ठरव, आणि सोसायटीला सांग की लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी सोलर बसवा, कॉमन वापराला किलोवॉटमागे 18 हजार सबसिडी त्याच योजनेत आहे. ती म्हणाली सांगून झालं, सेक्रेटरी तयार आहेत, वरच्या मजल्यावाले म्हणतात गच्ची गळेल, खालचे म्हणतात लिफ्ट आम्ही वापरतच नाही, आणि पॅनेल कोण पुसणार यावर मागची मीटिंग अर्ध्यात सुटली. पुढची या रविवारी आहे. अजेंड्यावर पहिला विषय पार्किंगचा आहे.